इंजिनाला थंडी वाजू नये म्हणून

नोव्हेंबरच्या पहिल्या गुरुवारी, वाटाण्याचं सूप पिता पिता, ओस्मो पेल्लिनेनने जाहीर केलं की यंदा बोटीचं इंजिन हिवाळ्यासाठी तो स्वतः तयार करणार. मेकॅनिक नको, कुणी नको.

"काय करायचं असतं त्यात?" हिल्क्काने, म्हणजे त्याच्या बायकोने, विचारलं.

"काही नाही गं. इंजिनात समुद्राचं पाणी राहिलेलं असतं. ते काढायचं आणि न गोठणारं ग्लायकॉल भरायचं. नाहीतर पाणी गोठतं, फुगतं, आणि इंजिनाचं ओतीव बीड तडकतं. अर्ध्या तासाचं काम आहे."

'अर्ध्या तासाचं काम' हे शब्द हिल्क्काने एकतीस वर्षांच्या संसारात पुष्कळदा ऐकले होते. मोरीचा नळ अर्ध्या तासाचं काम होता. त्यानंतर खालच्या मजल्यावरच्यांचं छत नवीन करावं लागलं होतं. पण ती शहाणी बाई. तिने सूप संपवलं, पावाचा शेवटचा तुकडा वाटीत फिरवला आणि एवढंच म्हणाली, "कर बाबा. इंजिन तडकलं तरी मी हूं की चूं करणार नाही. शुक्रवारचे सात तेवढे सांभाळ."

आता हे शुक्रवारचे सात म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं महाभारत त्यावरूनच आहे. त्यांच्या इमारतीत अठरा घरं आणि तळघरात एक सॉना, म्हणजे तापलेल्या दगडांवर पाणी ओतून वाफ घ्यायची खोली. कुणी कधी जायचं त्याचा तक्ता भिंतीवर लावलेला. मंगळवारी दुपारी चारची पाळी कुणालाही मिळते, पण शुक्रवारी संध्याकाळी सातची पाळी मिळायला मागच्या जन्माची पुण्याई लागते. त्यातून उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या सणाची, युहान्नुसची, पूर्वसंध्या दरवर्षी शुक्रवारीच येते. ज्यांचं तळ्याकाठी स्वतःचं लाकडी घर नाही त्यांनी त्या संध्याकाळी सॉना कुठे घ्यायचा? ज्याच्याकडे शुक्रवारचे सात, त्याचा सण. बाकीच्यांनी बाथरूममध्ये शॉवर घ्यावा आणि गप्प बसावं. ओस्मो आणि हिल्क्का या पाळीसाठी अकरा वर्षं यादीत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या चौऱ्याण्णव वर्षांच्या आजी गेल्या, तेव्हा हिल्क्का त्यांच्या अंत्यविधीत मनापासून रडली, आणि चर्चमधून परतताना काळ्या कपड्यांतच अर्ज देऊन आली.

नियम एकच, पण कडक. दुसऱ्याच्या पाळीत अडथळा आणणाऱ्याची पाळी जप्त, आणि तो यादीच्या शेवटी. यादीत पहिला नंबर होता याल्मारींचा. हे याल्मारी म्हणजे रसायनशास्त्राचे निवृत्त मास्तर. सहा वर्षं वाट बघत होते. जिन्यात भेटले की ओस्मोला नखशिखांत न्याहाळत आणि विचारत, "काय, तब्येत कशी आहे?" आणि "उत्तम" असं उत्तर आलं की त्यांचा चेहरा पडे.

तर इंजिन. खरं म्हणजे बोट क्रेनने पाण्याबाहेर काढली त्याच दिवशी, ऑक्टोबरच्या मध्यावर, हे काम उरकायला हवं होतं. ओस्मो ग्लायकॉलचा डबा घेऊन निघालाही होता. पण जिन्यात याल्मारी भेटले.

"किती टक्के करणार मिश्रण?"

"निम्मं निम्मं."

"निम्मं निम्मं!" मास्तरांनी कपाळावर हात मारला. "अरे, आपल्या आखातातलं पाणी किती खारट आहे, इंजिनात किती शिल्लक राहिलंय, काही हिशोब? थांब. मी काढून देतो."

मास्तरांनी हिशोब काढायला अडीच आठवडे घेतले. उत्तर आलं एकोणपन्नास टक्के. तोवर पहिलं दव गोठून गेलं होतं.

शनिवारी ओस्मो बोट क्लबच्या आवारात पोचला तेव्हा सगळ्या बोटी ताडपत्रीखाली गेल्या होत्या. त्याचं इंजिन म्हणजे एका सिलिंडरचं जुनं डिझेल, नव्वद किलोंचं, बोटीच्या पोटात बसवलेलं. ते सुरू करायचं, समुद्राच्या पाण्याचा पाइप ग्लायकॉलच्या बादलीत बुडवायचा, पंप ते आपोआप आत ओढून घेतो, झालं. ओस्मोने बाही सरसावून किल्लीला हात घातला.

"थांब! हात काढ तिथून!"

शेजारच्या बोटीखालून वेइक्को सरपटत बाहेर आला. वेइक्को त्यांच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायचा. तीस वर्षं बर्फ फोडणाऱ्या जहाजाच्या इंजिनखान्यात काढलेला माणूस. घराएवढ्या इंजिनापेक्षा लहान काहीही असलं की तो त्याला खेळणं म्हणे. त्याने त्या खेळण्याच्या पंपावर बोट ठेवलं, हातोडीच्या दांड्याने दोन ठिकाणी ठोकलं, कान लावला.

"पंपात पाणी गोठलंय. किल्ली फिरवलीस की आतला रबराचा पंखा फाटून चिंध्या. बीड अजून शाबूत आहे, आवाज चांगला येतोय. पण पुढच्या आठवड्यात उणे बारा सांगितलंय. मग संपलं."

"मग आता रे?"

"ऊब दे त्याला. वितळू दे, गोड्या पाण्याने धू, मग भर तुझं ते औषध."

ऊब म्हणजे वीज आणि गोडं पाणी म्हणजे नळ. क्लबने दोन्ही एकतीस ऑक्टोबरला बंद केली होती. रखवालदार भला माणूस होता. तो म्हणाला, वीज सोडता येईल, समितीकडे अर्ज करा, समिती जानेवारीत बसते.

"म्हणजे इंजिन घरी न्यायचं," ओस्मो म्हणाला. ते तो सहज बोलून गेला होता. पण वेइक्कोने लगेच ताडपत्रीखालून साखळी आणि कप्पी काढली, आणि दीड तासात इंजिन बोटीबाहेर येऊन एका हातगाडीवर बसलंसुद्धा. ही हातगाडी मासळीबाजारातली होती आणि तिला तसा वासही होता.

घरी आल्यावर प्रश्न पडला, ठेवायचं कुठे. दुसऱ्या मजल्यावर न्यायचं तर लिफ्ट नाही, आणि हिल्क्का दारात हाताची घडी घालून उभी. राहिली तळघरातली कोठडी. त्यासाठी इमारतीच्या मंडळाच्या अध्यक्षांना विचारणं भाग होतं. अध्यक्ष होत्या राउतालाबाई. जन्म गेला न्यायालयाच्या दप्तरात. वाईट बाई नव्हे, पण नियमाबाहेर श्वासही घेणार नाही.

"कलम चौदा," त्या म्हणाल्या. "इंधनावर चालणारं यंत्र तळघरात ठेवता येणार नाही."

"अहो, पण टाकी बोटीतच आहे. यात थेंबभर डिझेल नाही."

"यंत्र चालतं कशावर?"

"डिझेलवर. पण आत्ता चालतच नाहीये ना!"

"चालायला लागलं की कशावर चालेल?"

ओस्मो हात हलवत परत आला. इंजिन सायकलींच्या छपराखाली, हिल्क्काच्या जुन्या रजईत गुंडाळून ठेवलं. तो रोज सकाळी उठून आधी इंजिनाला बघून यायचा आणि मग कॉफी घ्यायचा. हिल्क्का म्हणाली, "बाळंतपणात माझी एवढी काळजी केली नव्हतीस."

कल्पना सुचली ती बुधवारी. आणि खरं सांगायचं तर कल्पना चांगली होती. तिथेच तर घोळ असतो. सॉनाबाहेरच्या न्हाणीत गरम पाणी आहे, फरशीत सांडपाण्याची जाळी आहे, ऊब तर विचारू नका. आणि पाळीच्या तासात पाळीवाल्याने सॉनात काय करावं याबद्दल नियमावलीत फक्त दोन मनाया होत्या: धुणं धुवायचं नाही, आणि मासे धुरावर शेकायचे नाहीत. दुसरी मनाई कुणामुळे आली ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नसे. इंजिनाबद्दल अक्षर नव्हतं.

"आपल्याच पाळीत, आपल्याच तासात," ओस्मोने बायकोला पटवलं. "सातला आत, पावणेआठला बाहेर. राउतालाबाईंची पाळी आठला. त्यांना कळणारसुद्धा नाही."

"आणि मी?"

"तू तुझा सॉना घे की! इंजिन न्हाणीत. तुझं काय अडलंय?"

"आठ म्हणजे आठ," हिल्क्का म्हणाली. "एक मिनिट इकडेतिकडे झालं ना ओस्मो, तर त्या इंजिनाच्या जागी बोटीत तुला झोपवीन."

शुक्रवारी सातला पाच मिनिटं असताना ओस्मो आणि वेइक्को यांनी हातगाडी उतारावरून तळघरात उतरवली. कपडे बदलायची खोली, त्यापुढे न्हाणी, त्यापुढे सॉना. न्हाणीत बुटांनी जायचं नाही आणि कपड्यांनीही नाही, हा नियम कागदावर नसला तरी रक्तात आहे. त्यामुळे दोघांनी कपडे काढून खुंटीला लावले, कमरेला टॉवेल गुंडाळले आणि पाना-पकड घेऊन कामाला लागले. हिल्क्का आधीच आत वरच्या बाकावर जाऊन बसली होती. दगडांवर पाणी ओतल्याचा चर्र आवाज आला आणि दाराच्या फटीतून गरम वाफ इंजिनावर आली.

"आणखी ओत गं!" वेइक्को ओरडला. "याला आवडतंय!"

सात वाजून वीस मिनिटांनी पंपातून बर्फाचा एक तुकडा टपकन पडला, मग पाणी, मग थोडी वाळू आणि एक शिंपला. ओस्मोला एवढा आनंद झाला की त्याचा टॉवेल सुटला. नेमके तेव्हाच याल्मारीमास्तर दारात उभे राहिले. वरून खडखडाट ऐकून आले होते, म्हणे. घड्याळ हातात होतं.

"एकोणपन्नास टक्के घेतलंस ना? आणि ओतण्याआधी मिश्रण कोमट कर. नाही, एवढं नको. पाइप वर धर. वर म्हणजे किती वर!"

मास्तर कपडे काढून सॉनात गेले नाहीत, कामाला हात लावला नाही, दारातूनच बोलत राहिले. उंटावरून शेळ्या हाकणारे बघितले होते, चौकटीत उभं राहून इंजिन भरणारा ओस्मोने पहिल्यांदाच बघितला. पण भरलं. वेइक्कोने हाताने चाक फिरवत फिरवत हिरवं ग्लायकॉल आत ओढून घेतलं, दुसऱ्या टोकाने हिरवं बाहेर आलं, रबरी पंखा काढून ग्रीस लावून कागदात बांधला, जुनं तेल डब्यात उतरवलं. सात वाजून बेचाळीस. ओस्मोच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं अर्ध्या तासाचं काम पाऊण तासात झालं होतं.

"उचला!" वेइक्को म्हणाला. दोघांनी उचलून इंजिन गाडीवर ठेवलं, गाडी वळवली, आणि गाडीचं चाक सांडपाण्याच्या जाळीत गेलं. ओढलं तर कडकन आवाज झाला. गाडीचा आस मोडला.

नव्वद किलो. ओलं. तेलकट. मास्तरांनी घड्याळ वर केलं, "सात एकावन्न."

"हात लावा ना मास्तर!"

"माझी पाठ," मास्तर म्हणाले. "सात बावन्न."

हिल्क्का सॉनातून लालबुंद बाहेर आली, तिने परिस्थिती बघितली आणि इंजिनाची एक बाजू धरली. तिघांनी ते इंच इंच सरकवत कपडे बदलायच्या खोलीपर्यंत आणलं. तिथे खुंट्यांखाली बाक होता, तो ओढून बाहेरच्या बोळात टाकावा लागला, तेव्हा कुठे इंजिन मावलं. मग हिल्क्काने गुडघ्यांवर बसून न्हाणीची फरशी साबणाने घासली. शेवटचा हिसका देताना ओस्मोच्या कमरेत काहीतरी असं करकचलं की तो आहे त्या वाकलेल्या स्थितीतच राहिला.

बरोबर आठला राउतालाबाई आल्या. अंगात झगा, हातात बसायचं तागाचं फडकं आणि थर्मास. समोर वाकलेला ओस्मो, टॉवेलातला वेइक्को, ओली हिल्क्का, घड्याळ धरलेले मास्तर आणि मध्यभागी इंजिन.

सॉनात भांडायचं नाही. सॉनाच्या दारातही नाही. ही काही शिकवायची गोष्ट नव्हे. राउतालाबाई म्हणाल्या, "शुभ संध्याकाळ." झगा त्यांनी इंजिनाच्या वरच्या खुंटीला लावला आणि त्या आत गेल्या.

"आठ वाजता बाक जागेवर नव्हता," मास्तर हळूच म्हणाले. "हा अडथळाच. माझं आपलं मत." आणि ते शीळ घालत वर गेले.

हिल्क्का ओस्मोशी रविवारपर्यंत बोलली नाही. इंजिन हलवावं तर ओस्मो पाठीवर झोपलेला, आणि वेइक्को सोमवारच्या विमानाने पाच महिन्यांसाठी कॅनरी बेटांवर गेला. साखळी-कप्पी ज्या कुलपात होती त्याची किल्लीही खिशात घेऊन गेला. मंगळवारी जिन्यात नोटीस लागली: कपडे बदलण्याच्या खोलीत इंधनावर चालणारं यंत्र आढळलं आहे, चौदा दिवसांत खुलासा न झाल्यास शुक्रवार सातची पाळी जप्त.

ओस्मोने अंथरुणात पडल्या पडल्या चार पानी खुलासा लिहिला. त्याचं सार असं, की या वस्तूत इंधन नाही, तेल नाही, पंपाचा पंखासुद्धा नाही. सबब हे यंत्र नव्हेच. मंडळाची बैठक बसली. राउतालाबाईंनी खुलासा दोनदा वाचला.

"मान्य," त्या म्हणाल्या. "हे यंत्र नाही. मग काय आहे? त्या खोलीत फक्त सामान चालतं. बाक, आरसा, खुंटी."

राउतालाबाईंनी चष्मा काढून पुसला. त्यांनाही पेल्लिनेन कुटुंबाचं वाईट करायचं नव्हतं, आणि चौऱ्याण्णव वर्षांच्या आजींच्या अंत्यविधीत हिल्क्का कशी रडली होती ते त्यांनी पाहिलं होतं.

"वर फळी ठेवली," त्या हळूहळू म्हणाल्या, "तर तो बाक होतो. मग त्या दिवशी आठला बाक होता की नव्हता हा प्रश्नच येत नाही, पाळीही त्यांचीच राहते. फक्त खाजगी बाक सामायिक जागेत चालत नाही. इमारतीला दान केला तर चालेल. सही लागेल."

हिल्क्काने सहीचा कागद वर आणला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर आठवड्यानंतर पहिलं हसू होतं. ओस्मोने एवढ्या आनंदाने आयुष्यात कशावरच सही केली नव्हती. लग्नाच्या नोंदवहीवरसुद्धा नाही, तेव्हा पेन गळत होतं.

आणि हिवाळा झकास गेला, खोटं कशाला बोला! बाहेर उणे अठरा झालं, क्लबात दोघांची इंजिनं तडकली, ओस्मोचं मात्र सॉनाच्या भिंतीला टेकून उबेत बसलं होतं. नव्या बाकाची उंची अशी जमून आली होती की म्हातारी माणसं गुडघ्याला हात न लावता उठत. पलीकडच्या जिन्यातल्या बायकांनी उशी शिवली. ख्रिसमसला कुणीतरी त्याच्या चाकावर मेणबत्ती लावली. राउतालाबाई दर शुक्रवारी सॉनानंतर त्यावर बसून थर्मासमधली कॉफी पीत.

एप्रिलच्या शेवटी ओस्मोची पाठ सरळ झाली, वेइक्को काळा होऊन परतला. दोघं नवी हातगाडी घेऊन तळघरात उतरले.

"काय नेताय?" राउतालाबाईंनी विचारलं.

"इंजिन."

"कुठलं इंजिन?" त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, तेच तर वाईट होतं. "तो इमारतीचा बाक आहे. सामायिक सामान न्यायचं तर वार्षिक सभेत दोन तृतीयांश मतं लागतील. सभा पंधरा मेला. अर्ज द्या, मी स्वतः तुमच्या बाजूने मत देईन."

सभेला अठराच्या अठरा घरं आली. एवढी गर्दी छत गळत होतं तेव्हाही झाली नव्हती. घराला एक मत, म्हणजे बारा मतं हवी होती. म्हाताऱ्या मंडळींनी गुडघ्यांचं गाऱ्हाणं मांडलं. उशी शिवणाऱ्या बायका म्हणाल्या, उशी आता दुसरीकडे कुठे बसणार? हातांची मोजणी झाली: अकरा. मास्तरांचा हात मांडीवरच होता.

"फेरमतदान घ्या," ते म्हणाले, आणि ओस्मोजवळ येऊन वाकले. "माझं मत आहे तुला. युहान्नुसला महिना राहिलाय. बोटीत इंजिन असेल. शुक्रवारचे सात मला लिहून दे."

ओस्मोने खिडकीबाहेर बघितलं. बाहेर मे महिन्याचं ऊन, आणि लांबवर पाण्यावर कुणाच्या तरी इंजिनाचा टक टक टक आवाज. सगळा हिवाळा त्याने याच आवाजाची वाट बघितली होती. मग त्याने हिल्क्काकडे बघितलं. ती तळव्यावर तळवा ठेवून बसली होती, आणि तिच्या उजव्या अंगठ्यावर इंजिन धरताना कापलेली खूण अजून दिसत होती.

फेरमतदान झालं. बाजूने अकरा. मास्तरांचा हात मोठ्या खात्रीने वर होता, ओस्मोचा नव्हता.

युहान्नुसच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, ओस्मो वल्ही मारत हिल्क्काला बेटावर घेऊन गेला. जायला दोन तास लागले. त्यांनी भाजलेलं सॉसेज खाल्लं, नवे बटाटे खाल्ले, आणि चारलाच परत निघाले. वाटेत वेइक्को आपल्या बोटीतून फटफट करत शेजारून गेला. त्याने वेग कमी केला आणि ओरडून विचारलं, "अरे, हिवाळ्यातून कसं निघालं तुझं इंजिन?"

"एकदम ठणठणीत!" ओस्मोने ओरडून सांगितलं. त्याच्या तळहातांना फोड आले होते.

"ओस्मो, गप्पा पुरेत," हिल्क्का म्हणाली. "सहा वाजायला आले. जोरात मार."

सातला दोन मिनिटं कमी असताना ते तळघरात पोचले. ओस्मो धापा टाकत इंजिनावर बसला आणि बूट सोडायला लागला. हिल्क्का त्याच्या शेजारी बसली. बाक दोघांना पुरेल एवढा रुंद होता.